पावकी, आणा आणि पैसा : मराठी मुलखातील अपूर्णांकांची बेरीज

पूर्णांक आणि त्याला जोडलेला अपूर्णांक मिळून जी संख्या होते तिला शालेय गणितात पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणतात, आणि अशा संख्यांची बेरीज करायची तर त्यांचे छेद वेगळे असल्यास छेदांचा लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे लसावि, काढून सर्व अपूर्णांक समच्छेद करावेत, अंशांची बेरीज करावी आणि अंश छेदापेक्षा मोठा झाल्यास त्यातून पूर्णांक वेगळा काढावा, अशी रीत विद्यार्थ्यांना शिकवली जाते. ही रीत शास्त्रशुद्ध आहे आणि संस्कृत गणितग्रंथांना ती शेकडो वर्षे ठाऊक होती. परंतु मराठी मुलखातला वाणी, सावकार, कुळकर्णी आणि फडावरचा कारकून तिच्या वाटेला क्वचितच गेला. त्याच्या हातून दररोज सवा, दीड, पावणेतीन, साडेसात यांच्या बेरजा होत असत, आणि तरीही त्याला लसावि काढण्याची गरज पडत नसे, कारण बेरजेचे निम्मे कष्ट त्याची भाषा, त्याची मापे आणि त्याची लेखनचिन्हे यांनी आधीच उचललेले असत.

यांपैकी भाषेची कामगिरी सर्वांत जुनी आहे. मराठीतील अपूर्णांकवाचक शब्द संस्कृतातून प्राकृतमार्गे झिजत आले असून प्रत्येकाच्या पोटात एक छोटी आकडेमोड दडलेली आहे : पाव म्हणजे पाद, चौथा भाग, सवा म्हणजे सपाद, पादासह, साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह, आणि पाऊण म्हणजे पादोन, पादाने उणे. दीड आणि अडीच यांची घडण याहून निराळी आहे. दीड हा द्व्यर्धापासून आला, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धाच आहे असा. अडीच हा अर्धतृतीयापासून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे असा. आणि याच न्यायाने अर्धचतुर्थापासून आलेला औट हा शब्द साडेतीन या अर्थाने मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात नोंदलेला आहे. माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात भरतो या समजुतीमुळे 'औट हात' हा प्रयोग संतवाङ्मयात देहासाठी रूढ झाला, आणि साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, पेशवाईतले साडेतीन शहाणे या लोकप्रिय गणनांमध्ये ती संख्या आजही नांदते आहे.

या शब्दांचा दुसरा गुण असा की ते कोणत्याही एककाला चिकटतात. पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर, सवाशे म्हणजे एकशे पंचवीस, पावणेदोनशे म्हणजे एकशे पंच्याहत्तर, अडीच हजार म्हणजे दोन हजार पाचशे. म्हणजे अपूर्णांक ही पूर्णांकानंतर उरलेली कटकट नसून शंभर, हजार, लाख यांपैकी जे एकक हाती असेल त्याचे चार भाग पाडण्याची एक सर्वसाधारण सोय आहे. घड्याळाचा तास आला तेव्हा तोही याच सोयीत अलगद बसला, आणि पावणेचार म्हणणारा प्रत्येक मराठी माणूस चारातून पाव वजा करूनच वेळ सांगतो.

संख्येत अपूर्णांक मिळवणे आणि संख्येतून अपूर्णांक वजा करणे या दोन घडणींना संस्कृत गणितात स्वतंत्र नावे आहेत. पहिलीला भागानुबंध आणि दुसरीला भागापवाह म्हणतात, म्हणजे सवादोन हा भागानुबंध आणि पावणेतीन हा भागापवाह. हे उदाहरण मुद्दाम जुळवलेले नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत या प्रकरणासाठी जे उदाहरण घातले आहे त्यात पादासह दोन आणि पादाने उणे तीन या संख्यांचे सवर्णन करायला सांगितले आहे. सवर्णन म्हणजे पूर्णांक आणि अपूर्णांक एकाच छेदाखाली आणणे, आणि त्याने सवादोनाचे नऊ चतुर्थांश व पावणेतीनाचे अकरा चतुर्थांश होतात. त्याच ग्रंथात तीन पूर्णांक, एक पंचमांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज विचारली आहे, जिचे उत्तर त्रेपन्न पंचदशांश येते. रीत अशी की प्रत्येक अपूर्णांकाच्या अंशाला आणि छेदाला इतरांच्या छेदांनी गुणावे. परंतु छेदांना सामाईक भाजक असल्यास त्याने आधी भागून घेऊन मगच गुणावे म्हणजे आकडे लहान राहतात, अशी सवलतही भास्कराचार्य सुज्ञांसाठी नोंदवतात. हीच सवलत पुरती नियमबद्ध केली की तिचा लसावि होतो, आणि ते काम भास्कराचार्यांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी गणितसारसंग्रहात 'निरुद्ध' या नावाने केलेले होते.

लीलावतीचा मराठी मुलखाशी असलेला संबंध दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवीच्या देवळात भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेल्या इ. स. १२०७ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला दान मिळाल्याची नोंद आहे. तथापि मठातला शास्त्री आणि बाजारातला वाणी हे एकाच मुलखात राहत असूनही त्यांची गणिते वेगळ्या गरजांतून वाढली. शास्त्र्याला कोणताही छेद चालवता यायला हवा होता, वाण्याला फक्त त्याच्या मापांचे छेद पुरत होते, आणि ते छेद जवळजवळ सगळे दोनाच्या पटीतले होते.

हे दोनाचे राज्य लीलावतीच्या पहिल्याच परिभाषेत दिसते, जिथे वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क सांगितला आहे. एका कंजुषाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग दिला, तर किती कवड्या दिल्या, असे एक उदाहरण त्या ग्रंथात आहे. अंशांचा गुणाकार सहा आणि छेदांचा सात हजार सहाशे ऐंशी येतो, संक्षेप केल्यावर एक हजार दोनशे ऐंशीवा भाग उरतो, आणि एका द्रम्मात नेमक्या तितक्याच कवड्या असल्यामुळे उत्तर एक कवडी येते. पुढे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे झाले तेव्हा नाण्यांची नावे बदलली, पण चार आणि सोळा यांची जोडी टिकली. रुपयाचा निम्मा ती अधेली, तिचा निम्मा ती पावली, तिचा निम्मा ती चवली, तिचा निम्मा तो आणा, अशी ती उतरंड होती. धान्याच्या मापांतही शेराचा निम्मा मापटे, त्याचा निम्मा चिपटे, त्याचा निम्मा कोळवे आणि त्याचा निम्मा निळवे असे निम्म्यानिम्म्याने उतरत जाता येत असे. पायलीचा मण किती पायल्यांचा हे गावोगाव बदले, परंतु शेराच्या खालची ही निम्म्याची शिस्त सहसा मोडत नसे, कारण भरलेल्या मापाचे दोन सारखे भाग करणे डोळ्यांना साधते आणि पाच सारखे भाग करणे साधत नाही.

मापे अशी असल्यावर पंतोजींच्या शाळेत काय शिकवले जावे हे ओघानेच ठरले. धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या लाकडी फळीवर, अंक गिरवून झाले की मुलगा पूर्णांकांचे पाढे घोकू लागे, आणि त्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे येत. पावकीत सातापुढे पावणेदोन आणि पंधरापुढे पावणेचार. अडीचकीत सातापुढे साडेसतरा. औटकीत नवापुढे साडेएकतीस. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणताना स्तोत्रांबरोबर हे पाढे मोठ्याने म्हटले जात, आणि त्या घोकंपट्टीला पुढच्या काळातल्या शिक्षणतज्ज्ञांनी जी नावे ठेवली त्यांत तथ्य असले तरी ते पाढे निरर्थक मुळीच नव्हते. चाळीस शेरांच्या मणाचे उदाहरण घेतले तर त्याचा सोळावा भाग अडीच शेर होतो, आणि म्हणून मणाला जितके रुपये भाव तितकेच आणे अडीच शेरांना पडतात. मणाला सात रुपये भाव असेल तर अडीच शेरांना सात आणे, साडेसतरा शेरांना त्याच्या सातपट म्हणजे एकोणपन्नास आणे, अर्थात तीन रुपये एक आणा. ज्याला अडीचकी पाठ आहे त्याला साडेसतरा ऐकताच सात आठवतात, आणि भागाकार न करता हिशेब पुरा होतो. पाढ्यांच्या त्या मालिकेत पाचवा भाग किंवा सातवा भाग यांचे पाढे नाहीत, कारण त्यांची गरज दुकानात पडत नव्हती.

लेखनाने या व्यवस्थेचा कळस गाठला. मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्यांत पावासाठी एक उभा दंड, अर्ध्यासाठी दोन आणि पाऊणासाठी तीन दंड काढत, तर सोळाव्या भागासाठी, म्हणजे आण्यासाठी, एक, दोन किंवा तीन आडव्या वा तिरप्या रेघा ओढत. चार आणे झाले की रेघांच्या जागी एक दंड येई आणि चार दंड झाले की डावीकडचा रुपयाचा आकडा एकाने वाढे. तीन रुपये चौदा आणे म्हणजे ३॥।=, दोन रुपये सात आणे म्हणजे २।≡ आणि पाच रुपये नऊ आणे म्हणजे ५॥- असे लिहून ते एकाखाली एक मांडले, तर कारकुनाला कोणताही छेद दिसतच नसे. तो आधी रेघा मोजी : दोन, तीन आणि एक मिळून सहा, त्यांतल्या चारांचा एक दंड हातचा, दोन उरल्या. मग दंड : तीन, एक आणि दोन मिळून सहा, हातचा धरून सात, त्यांतल्या चारांचा एक रुपया हातचा, तीन उरले. शेवटी तीन, दोन, पाच आणि हातचा एक मिळून अकरा, उत्तर ११॥।=, म्हणजे अकरा रुपये चौदा आणे. हीच बेरीज शाळेच्या रीतीने करायची तर तीन पूर्णांक सात अष्टमांश, दोन पूर्णांक सात षोडशांश आणि पाच पूर्णांक नऊ षोडशांश मांडून पहिल्याचे चौदा षोडशांश करावे लागतील, तीस षोडशांशांतून एक पूर्णांक काढावा लागेल आणि उरलेल्या चौदा षोडशांशांचा संक्षेप करावा लागेल. मोडी चिन्हांत समच्छेद करण्याची पायरी लिहितानाच उरकलेली आहे आणि संक्षेपाची पायरी हातच्याबरोबर आपोआप होते. म्हणून ही चिन्हे केवळ संक्षेपलेखन नसून दशमान अंकांच्या शेपटाला जोडलेली एक चतुर्मान स्थानपद्धती आहेत, असे म्हणणे योग्य ठरेल, आणि गणिताच्या इतिहासात त्यांना आजवर मिळाले त्याहून पुष्कळ मानाचे स्थान मिळायला हवे. छापील मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर किंमत १॥ रुपया अशी छापण्याची चाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. उत्तर भारतीय लिप्यांना सामाईक असलेल्या या चिन्हांना २००९ साली युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली, त्यामुळे जुने हिशेब संगणकावर जसेच्या तसे उतरवून घेणे आता शक्य झाले आहे.

या पद्धतीला एक धोका होता. एका दंडाचे दोन दंड करायला लेखणीचा एकच फटकारा पुरतो, त्यामुळे रक्कम अक्षरांनीही लिहिणे आवश्यक होते, आणि हुंडीसारख्या दस्तात रकमेबरोबर तिच्या निम्म्याचाही उल्लेख करून त्याची दुप्पट असे म्हणण्याचा प्रघात पडला. मूळ आकड्यात फेरफार करणाऱ्याला निम्म्यातही जुळणारा फेरफार करावा लागे, आणि तो अक्षरांत लपवणे कठीण होते.

पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर मुंबई इलाख्यात सरकारी आश्रयाने नव्या शाळा निघाल्या आणि त्यांच्यासाठी कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या पुढाकाराने, शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने, इंग्रजी गणितग्रंथांची मराठी रूपे तयार झाली. या ग्रंथांच्या परंपरेत अंश आणि छेद हे जुने संस्कृत शब्द नव्या रीतींना वापरले गेले, अंश आणि छेद यांच्यामध्ये आडवी रेघ आली, जी लीलावतीच्या मांडणीत नव्हती, आणि अपूर्णांकांचे व्यवहारी व दशांश असे दोन वर्ग झाले. ज्यांना व्यवहारी म्हटले गेले ते अपूर्णांक बाजारातल्या व्यवहारात त्या रूपाने कोणी लिहीत नव्हते. व्यवहारात दंड आणि रेघा चालत होत्या. त्यामुळे मुलाला दोन गणिते शिकावी लागत, एक परीक्षेसाठी आणि एक दुकानासाठी, आणि अपूर्णांकांविषयी मराठी विद्यार्थ्याच्या मनात जी धास्ती आढळते तिचे मूळ या दुभंगात काही अंशी तरी शोधता येईल. पाढ्यांत पावणेदोन सहज म्हणणाऱ्या मुलाला एक पूर्णांक तीन चतुर्थांश ही कोणी परकी वस्तू वाटे, कारण ती दोन्ही एकच आहेत हे सांगण्याची तसदी पुस्तके घेत नसत.

दोनाच्या राज्यात तीनाला जागा नव्हती, ही या व्यवस्थेची खरी उणीव होती, आणि ती सराफाने व सरकारने आपापल्या परीने भरून काढली. सोन्याच्या तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा असत, त्यामुळे तोळ्याचा तिसरा भाग नेमका चार मासे होई. रुपयाच्या बाबतीत आण्याच्या चार पैशांबरोबर बारा पैंचाही हिशेब चालू झाल्यावर रुपयात एकशे ब्याण्णव पै झाल्या, आणि या संख्येला तीनाने भाग जात असल्याने रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै असा निःशेष सांगता येऊ लागला. तीन भावांत वडिलोपार्जित जमिनीची वाटणी झाली की प्रत्येकाचा हिस्सा पाच आणे चार पै, त्यांतल्या एकाच्या दोन मुलांचा प्रत्येकी दोन आणे आठ पै, आणि या सर्वांची बेरीज पुन्हा सोळा आणे, अशी मांडणी गावकामगाराला बोटांवर करता येत असे. संपूर्ण वस्तू म्हणजे सोळा आणे, हा अर्थ इतका मुरला की सोळा आणे खरे म्हणजे पूर्ण खरे असा वाक्प्रचार झाला.

स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५५ मध्ये नाणेविषयक कायदा दुरुस्त केला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. नवा हे विशेषण १ जून १९६४ रोजी गळून पडले. वजने-मापेही १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक होत १९६२ मध्ये सक्तीची झाली. संक्रमणाच्या त्या काळात आणे आणि नवे पैसे एकत्र चालत असल्याने बेरजेचा एक नवाच प्रश्न उभा राहिला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असा कोष्टकातला मोबदला ठरला. चार आणे एकदम दिले तर पंचवीस, परंतु एकेक करून चार वेळा दिले तर चोवीस. म्हणजे आधी बेरीज करून मग रूपांतर करणे आणि आधी रूपांतर करून मग बेरीज करणे यांची उत्तरे वेगळी येऊ लागली. अपूर्णांक पूर्णांकाला घासून बसवताना काटछाट केव्हा करायची हा आकडेमोडीतला मूलभूत प्रश्न त्या दिवसांत भाजीबाजारातल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष भोगावा लागला.

दशमान पद्धतीचे लाभ मोठे होते आणि त्यांच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. रुपये आणि पैसे यांची बेरीज पूर्णांकांच्या बेरजेसारखीच होऊ लागल्याने हिशेब सोपे झाले, व्याजाची आणि शेकडेवारीची गणिते सुटसुटीत झाली, आणि गणनयंत्र आले तेव्हा त्याला ही पद्धती तयारच सापडली. तरीही तीनाची जुनी अडचण यंत्रातही सुटली नाही. साध्या आठ अंकी गणनयंत्रावर एकाला तीनाने भागले की शून्य दशांशापुढे सात तीन दिसतात, आणि पडद्यावर दिसलेली ती संख्या पुन्हा तीनदा मिळवली की एक न येता शून्य दशांशापुढे सात नऊ येतात. शास्त्रीय गणनयंत्रांवर अपूर्णांकासाठी स्वतंत्र कळ असते, जिने पूर्णांक, अंश आणि छेद वेगवेगळे भरता येतात आणि लसावि यंत्रच काढते. पाव, अर्धा, पाऊण यांना मात्र त्या कळेची गरज नसते, कारण दोनाच्या घातातला छेद दशांशात नेहमी निःशेष संपतो : पाव म्हणजे ०.२५, आणा म्हणजे ०.०६२५, पूर्वीचा पैसा म्हणजे ०.०१५६२५. संगणकाच्या आत तर याहून पुढची गोष्ट घडते. संगणकातले अंक द्विमान असल्याने पावली, चवली आणि आणा त्यात तंतोतंत बसतात, परंतु दशांश मात्र बसत नाही, आणि म्हणून सर्वसाधारण पद्धतीने साठवलेल्या एक दशांश आणि दोन दशांश यांची बेरीज संगणक तीन दशांशाहून किंचित अधिक सांगतो. पंतोजींच्या पाढ्यांतले अपूर्णांक त्या यंत्राला जितके मानवतात तितके नव्या पैशाचे मानवत नाहीत.

चार आण्यांच्या मोबदल्यात आलेले पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून गेले, आणि पावली हा शब्द नाण्यापुरता तरी निराधार झाला. महसुलाच्या कागदांत मात्र जुन्या-नव्याची सांगड अजून आहे. पीक सोळा आणे मानून प्रत्यक्ष उतारा किती आणे आला ते ठरवण्याच्या पद्धतीला आणेवारी म्हणत. दशमान नाण्यांनंतर तिची पैसेवारी झाली, आणि नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा टप्प्यांनी जाहीर होणारी ती पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की त्या गावी टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. जमिनीच्या हिश्श्यांना मात्र बोलताना आजही आणेवारीच म्हटले जाते, आणि एकरात चाळीस गुंठे व गुंठ्यात सोळा आणे ही मोजणी वाटणीच्या बोलण्यातून गेलेली नाही. तिघा वारसांचे पाच आणे चार पै एकत्र केले की सोळा आणे पुरे भरतात. तेच हिस्से पैशांत मांडून प्रत्येकाला तेहतीस धरले तर बेरीज नव्याण्णव होते, आणि उरलेला एक पैसा कोणाच्या नावापुढे लिहायचा हे तिघांना बसून ठरवावे लागते.